खाडे

खानावळीच्या वहीत आई नावं लिहायची नाही,
खोल्या लिहायची. सतरा, एकवीस, गच्चीवरची.
याचं मात्र नाव लिहिलं, कारण तिला ते पटलंच नाही:
तुलाधर.
"तराजू धरणारा ना तू? मग भात किती लागतो ते सांग की."
आम्ही हसलो. तो नाही.
मराठी अजून कळत नव्हती, अक्षरं तेवढी कळायची.
विश्रामबागेतल्या पाट्या मोठ्याने वाचत चालायचा,
दंतवैद्य, पेंड, सायकल भाड्याने मिळेल,
आणि अर्थासाठी माझ्याकडे बघायचा.
मी सातवीत होते. ती माझी पहिली नोकरी, बिनपगारी.

चौऱ्याहत्तर साल. रक्सौलपासून मिरजेपर्यंत
चार दिवस ट्रंकेवर बसून आला होता,
शिष्यवृत्तीचं पत्र बनियनच्या आत.
तिकडे धरणं बांधायला माणसं नव्हती.
तीन मित्र निघाले: एक मॉस्कोला, एक रुडकीला, एक आमच्याकडे.
मी विचारलं, तू का नाही मॉस्कोला?
म्हणाला, चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

गावाने त्याला बहादूरच केलं.
पेठेत रात्री शिट्टी फुंकणारा तोही बहादूर,
त्याचं नाव पदम बोहरा, हे तुलाधरमुळे कळलं.
रविवारी आमच्या ओट्यावर हा त्याची पत्रं लिहायचा.
एक डोंगराच्या पश्चिमेचा, एक काठमांडूच्या असन टोलातला,
इथे येईतो एकमेकांना कधी भेटलेच नसते.
प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच शब्द: नबिर्सनू.
त्याचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही.

एकदा वडिलांनी त्याला हळदीचा सौदा दाखवला.
रुमालाखाली बोटं, वर चेहरे दगडाचे.
तो एकदम बोलत सुटला, मोडक्यातोडक्या मराठीत:
आजोबा ल्हासात असाच भाव करायचे, बाहीत हात घालून,
बारा वर्षं तिथेच होते,
परत आले तेव्हा माझ्या बापाने विचारलं,
आई, हा कोण?

मग तिसऱ्या वर्षी तार आली. बाप गेलेला.
चार दिवसांच्या वाटेला चिता थांबत नसते.
तो गेलाच नाही. पेपर होता, काँक्रीटचा.
आईने काही न विचारता
त्याच्यापुरतं अळणी रांधलं.
तो कॉटवरून उठला नाही, ताटं तशीच परत आली,
आणि खाडे धरण्यात पैशापैशाला कडक असलेली आई,
सांगून गेलास तर खाडा, न सांगता गेलास तर पैसे,
तिने त्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.
ना खाडा, ना पैसे.

भूकंपाच्या वर्षी टीव्हीवर असन दिसलं, विटांचं.
मी वही काढली. पत्ता म्हणून एवढंच: तुलाधर, असन.
कार्ड टाकलं. पोचलं की नाही, माहीत नाही.
नंतर कृष्णा घरात आली, तेव्हा वही वरच्या फळीवर होती,
तरी पानं फुगली.

आता दाङचा एक मुलगा येतो, थारू, फिजिओथेरपीचा.
पाट्या वाचत नाही, वायफायचा पासवर्ड विचारतो.
इथून मेलबर्नला अर्ज केलाय म्हणे.
त्याची आई तिथे सकाळी किती भाकऱ्या थापते,
एक जास्तीची पडते का, विचारावंसं वाटतं.
विचारत नाही. एवढंच म्हणते,
सांगून जा रे.
सांगून गेलं की खाडा धरता येतो.