नव्वदावा दिवस

नव्वदाव्या दिवशी मी फोन करते.
नियम माझाच. एथिक्स कमिटीने दोनदा परत पाठवलेल्या
अर्जाच्या पान अकरावर:
रुग्ण हयात असल्यास एक, नसल्यास शून्य.
आणखी काही विचारू नये असं कुठे लिहिलं नव्हतं,
रकाना तेवढाच होता.

बेड सात. मोरेश्वर करडे, अठ्ठावन्न, तांबट आळी.
न्यूमोनिया. एकोणीस दिवस व्हेंटिलेटर.
पहाटे तीनला पाकीट फोडलं,
ते 'जागं ठेवायच्या' गटात निघाले.
सिस्टर लोबो म्हणाली, मॅडम, हे नळी उपसणार बघा.
उपसली नाही.

रोज सकाळी सहाला भूल बंद.
उशाकडून खाट तीस अंश वर.
डोळे उघडा. बोट दाबा. आज सोमवार आहे का?
ते सोमवारला मान हलवत, गुरुवारलाही.
पण मॉनिटर वाजू लागला की
उजवा हात चादरीवर उठायचा, पडायचा,
उठायचा.
मी चार्टवर लिहिलं: भ्रम. हालचाल निरर्थक.

फोन मुलीने घेतला. आहेत ना, तुम्हीच बोला.
मागे आळीतली ठोकाठोक, कुणाचा तरी बंब घडत असावा.

डॉक्टर, एक सांगू का, रागावू नका.
तुमचं ते यंत्र बेताल होतं.
नीट चालता चालता अडखळायचं,
एक ठोका घाईत, मग जागा रिकामी.
मठारताना असा हात चुकला
तर हंडा वाया जातो.
म्हणून मी आपली साथ देत होतो,
म्हटलं, सावरेल.

यंत्र ठीक होतं, करडे.
ठोका तुमचा चुकत होता.
बाराव्या रात्रीची पट्टी माझ्याकडे आहे,
घाईतला ठोका, रिकामी जागा, सगळं.
हे मी बोलले नाही.
म्हटलं, दुरुस्तीला सांगते.

हातोडी उचलता का?
(हा प्रश्न अर्जात नाही.)
कुठली हो. पाऊण किलोची, तीसुद्धा नाही.
जावई ठोकतो, मी समोर बसून ऐकतो,
चुकला की खाकरतो.
रात्री दिवा मात्र लागतो डोळ्यांपुढे.

रकान्यात एक लिहिला.
चार्टवरचं 'निरर्थक' खोडायला गेले,
तर नोंद केव्हाच कुलूपबंद झालेली,
मीच बसवलेलं कुलूप.

पुढच्या अभ्यासाच्या अर्जात एक ओळ घातली आहे:
आपलं नेहमीचं हत्यार उचलता येतं का?
कमिटी विचारणार, हे मोजणार कशात.
हातोडी, सुई, लाटणं, स्टेअरिंग,
एकक एकच हवं म्हणणार.
बरोबरच आहे त्यांचं.

यादीत खाली कोंढव्याचा नंबर.
नसीमा बागवान, बेड तीन, सव्वीस दिवस.
रिंग जाते आहे.