मक्षिकास्थाने

वडगावात, भरमाण्णा सुळगेकरच्या गोठ्यात
मी जाळी घेऊन उभी राहिले की म्हशी हसतात,
असं तो म्हणतो.
"शिकल्याली पोरगी तू, आणि माश्या धरतीस?"
धरते. पगार मिळतो त्याचा.
सव्वीस बाटल्या, तोंडाला मलमल,
आत साखरपाण्यात भिजलेला कापूस.

हाच भरमाण्णा वीस वर्षं महापालिकेचा पंप पाठीवर घेऊन हिंडला:
भाजी मंडई, कसाई गल्ली,
कुंद्याच्या भट्ट्यांमागची गटारं.
सुरुवातीला, सांगतो, सूपभर निघायच्या झाडल्यावर.
मग उताण्या पडायच्या, पाय झाडायच्या,
आणि चहा होईतो उठून बसायच्या.
शेवटी पंपाच्या नळीवरच येऊन बसू लागल्या.
साहेब म्हणाले, औषधात पाणी घालतोस.
तीन दिवसांची हजेरी कापली.
"औषद तेच हाय, साहेब. खरं माशी ती न्हवं."
आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.
साहेब हावेरीचे.
त्यांना दोन्ही अर्थ लागले नाहीत.

बर्फावर ठेवली की माशी निजते.
एक पाय पुरतो.
त्या पायात सगळी पोथी असते.

मज्जातंतूवर एक दार असतं, मिठाच्या येण्याजाण्याचं.
क्षणभर उघडायचं, मिटायचं.
औषध त्या दारात पाचर मारतं;
दार मिटत नाही, तार झणझणत राहते,
माशी आडवी.
हिच्या दारात पाचर बसत नाही.
एक हजार चौदाव्या जागी
सी-टी-टी हवं तिथे टी-टी-टी.
बाकी दार तसंच. कडीकोयंडा तोच.

शाळेत हुद्दार बाई सांगायच्या,
कुणा पोथीच्या पानात एक माशी चिरडून राहिली होती,
तर नकलणाऱ्याने दुसरी माशी धरून, मारून,
त्याच ओळीत, त्याच अक्षरावर चिकटवली.
आम्ही बाक वाजवून हसायचो.
आता वाटतं, तो नकलणारा
माशीच्या आतच बसलेला असतो,
पिढ्यान् पिढ्या मान खाली घालून,
आणि कधीतरी त्याचा डोळा लागतो.
बरहुकूम उतरवलं असतं
तर ती पानावर मेली असती.
चुकला, म्हणून उडाली.

भरमाण्णाला वाटतं, औषधाने त्यांना शहाणं केलं.
नाही रे.
चूक आधीचीच. कुणाला नकोशी, अंगाला थोडी जडही.
तुझ्या पंपाने फक्त
बरोबर लिहिलेली पानं फाडली.
आणि एका प्रतीत चुकून भागत नाही,
आईकडून तीच, बापाकडूनही तीच चूक यावी लागते.
"म्हंजे सोयरीक बघूनच की," तो म्हणतो,
आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारतो.

शिनोळीच्या गोठ्यातूनही माश्या आणल्या मी.
वाटेत राज्य बदलतं, बसचा रंग, पाटीवरची लिपी.
इकडे नोण, तिकडे माशी.
आत तोच टी.
पाटीवरच्या अक्षरापायी इथे काचा फुटल्यात;
या अक्षरासाठी कुणी घराबाहेर आलं नाही.

काल त्याला छापील पान दाखवलं.
रंगीत शिखरांची रांग,
निळं हवं तिथे लाल.
त्याने चष्मा पुसला, लाल शिखरावर बोट टेकलं.
"हितं शिंकली व्हय माशी."
मग बराच वेळ काही बोलला नाही.
"साहेबांना दावतीस काय तेवढं?
तीन दिसांचं काय लई न्हाई, खरं…"
साहेब निवृत्त होऊन आठ वर्षं झाली.
मी सांगितलं नाही.

बोटाला शेण होतं. पानावर डाग पडला.
टिळकवाडीत झेरॉक्स काढायला दिलं ते पान.
तीन प्रती.
डागही आला,
जिथल्या तिथे.