पहिला महिना

पाथर्डी फाट्यावर खांबाला बोर्ड टांगलाय:
वन बीएचके. पहिला महिना फुकट. डिपॉझिट निम्मं.
आणि वाऱ्यानं दुमडलेल्या कोपऱ्यात एक चांदणी.
चांदणीचा अर्थ खैरनार फोनवर सांगत नाही.
"या तर खरं मॅडम, दाखवतो."

तीन रविवार दाखवण्यातच गेले.
इंदिरानगरचा बोगद्याच्या आवाजासकट होता,
पडदे मात्र फुकट.
राणेनगरच्या मालकीणबाईंनी चहा दिला, खारी दिली,
मग विचारलं, "मिस्टर कधी येतील बघायला?"
येणार नाहीत, म्हटलं.
खारीची बशी त्यांनी हळूच स्वतःकडे ओढली.

अंबडला मी दिवसभर बेअरिंगं तपासते.
मायक्रॉनचा फरक बोटाला कळतो,
बशी किती सरकली तेही.

ही सात मजली, नवी कोरी.
लिफ्टच्या आरशावर अजून प्लास्टिक.
खैरनार पाठ म्हणत होता:
पिण्याला धरणाचं, वापरायला बोअरचं,
गॅलरीतून पांडवलेण्यांचा डोंगर.
डोंगर होता खरा.
"चांदणीचं बोला."
त्यानं चावीनं कान खाजवला.
"तसं काही नाही. शेठचं म्हणणं,
हॉलचा दिवा रोज दहापर्यंत चालू ठेवायचा.
हायवेवरून दिसतो ना.
अंधाऱ्या बिल्डिंगीत बुकिंग होत नाही."
"मी एकटीच राहणार."
"दिव्याला काय मिस्टर लागतात?"
बोलून गेला, आणि मीटरची पेटी उगाच उघडून बघितली.

करार अकरा महिन्यांचा, त्यातला एक फुकट.
आई फोनवर म्हणाली, तुला अधिक महिनाच लागला की,
आणि थांबली.
अधिकात जावयाला तेहतीस अनारसे देतात, वर दिवा.
मी म्हटलं, दिवा आहे, आई. नऊ वॅटचा.

डिसेंबर. नाकाचा शेंडा दुखेल अशी थंडी.
मफलर गुंडाळून खाली उतरते,
सर्व्हिस रोडला उभी राहून मोजते:
अठ्ठावीस खिडक्या, उजेडाच्या चार.
चौथा मजला, डावीकडून दुसरी, ती मी.
सहाव्यावर कोणीतरी उभं आहे,
बाहेर बघतंय,
की तेही माझ्यासारखं
दहा वाजायची वाट बघतंय?

वॉचमन गांगुर्डे सांगत होते,
काल एक जोडपं आलेलं, बाळ कडेवर.
वर बघून बाई म्हणाली, "वस्ती आहे हो इथे."

वस्ती.
मी पिठलं-भात खाल्ला, पातेलं भिजत घातलं,
आणि साडेनऊलाच बटण खाली केलं.
डोळे सरावले तसा डोंगर दिसायला लागला.
हायवेवरून कोणाला वाटलं असेल,
गेलं वाटतं कोणी.

कोणी गेलं नव्हतं.