उजवीकडचं

बिस्किटांचे पत्र्याचे सात डबे,
एक च्यवनप्राशचा, एक कुठल्याशा रंगाचा.
मामानं बोट खोलली तेव्हा मी नववीत होते.
पाटबंधारे खात्याच्या लिलावातली,
हिप्परग्याच्या तलावावर साहेबांना फिरवून दमलेली,
चौदा फुटी, सागवानी.
साखर पेठेत आमच्या बोळात ती ट्रकमधून आली, पालथी,
आणि लोक म्हणाले, नरसय्या,
नळाला पाणी पाचव्या दिवशी
आणि तू बोट आणतो व्हय?

लाकूड आता झालंय.
वार्निशचे सहा हात, दर हातानंतर घासकागद,
मागाखालच्या सुताच्या गुंत्यानं पुसलेली धूळ.
जुनी भोकं मी धोट्याच्या लाकडानं बुजवली.
बंद मागाचे धोटे पोत्यानं मिळतात,
पण जन्मभराचं तेल प्यालेले, सरस धरत नाहीत,
म्हणून आधी स्पिरिटनं तीनदा पुसले.

राहिलं होतं पितळ.

चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवलं.
सकाळी बादली हिरवी
आणि तळाशी बिजागऱ्या, कड्या,
दोर बांधायची शिंगं, नाकाडावरचा दिवा,
कुणाच्या तरी लग्नातली भांडी असावीत तसं सगळं.

डब्यांवर मामाचं अक्षर, तेलुगू.
मला ती बोलता येते, तिच्यात भांडता येतं,
वाचता येत नाही.
शेजारची यल्लम्मा अत्ता चष्मा पदराला पुसून वाचते:
मुंदु, म्हणजे पुढचं.
वेनक, मागचं.
येडम, डावं.
कुडि. "हे तरी तुला कळतंय की गं."

मामा ओट्यावर खुर्चीत.
अंगावरून वारं गेलं त्याला तीन वर्षं झाली.
आधी मराठी गेली, मग तेलुगू,
शिव्या सगळ्यात शेवटी.
डावा हात तेवढा अजून फिटरचा आहे.

'कुडि'तलं शिंग उजव्या काठावर ठेवलं.
बसेना.
बुडाचा बाक एकीकडे, काठाचा भलतीकडे,
मधे नखभर फट.
वाटलं, आवळलं की बसेल,
आणि तिसऱ्या फेऱ्याला स्क्रूचं डोकं तुटून हातात आलं.
पितळाला आधी लोखंडी स्क्रूनं वाट करून द्यायची,
मेण लावायचं, मग हळू पाठवायचं.
मला ठाऊक होतं.
ठाऊक होतं.

तुटका खिळा कोरून काढण्यात एक अख्खा दिवस गेला.
एप्रिलचा, पत्र्याखालचा.
भोकात पुन्हा धोटा.

संध्याकाळी ऊन बोळाच्या तोंडातून आडवं आलं
तेव्हा वार्निशच्या खाली दिसलं,
डाव्या काठावर,
शिंगाच्या बुडाएवढं फिकट लाकूड,
ज्यानं कधी ऊन पाहिलं नव्हतं.
त्याचा बाक माझ्या हातातल्या बाकासारखा.

मी बोटीत बसून डावं-उजवं धरत होते.
मामा तिच्यासमोर उभा होता,
मागासमोर राहावं तसा, तोंडाला तोंड लावून.
त्याचं कुडि ते तिचं येडम.
अकरा वर्षं प्रत्येक डबा बरोबर होता
त्याच्या बाजूनं.

मग भराभर झालं.
लांबीचा पातळ थर, वर पितळ,
आवळताना कडेनं बाहेर येणारी पांढरी मिशी,
ती अंगठ्यानं पुसायची.
स्क्रूच्या खाचा सगळ्या लांबीत, बोटीच्या दिशेनं.
असं कुणी सांगितलं नव्हतं,
पण मामाच्या जुन्या खुणा तशाच होत्या.

खुर्ची ओढून त्याला जवळ आणलं.
डावा हात काठावरून फिरला,
शिंग, कडी, बिजागरी,
बोटाचं टोक प्रत्येक खाचेत क्षणभर.
नवव्या स्क्रूपाशी थांबला.
मला काहीच दिसेना. वाकून पाहिलं,
खाच केसभर तिरकी.

बोळात कुणीतरी ओरडलं, आलं, आलं!
आणि घागरींचा आवाज सुरू झाला.
मीही उठायला हवं होतं,
मी पानशी शोधत होते.

सगळं बसल्यावर एक स्क्रू उरला.
च्यवनप्राशच्या डब्याच्या तळाला चिकटलेला,
त्या डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.
मामाला दाखवला.
तो हसला की खोकला,
कळलं नाही.