तर

धोपाव्याची तर सुटायला वीस मिनिटं
आणि पिशवीत माझ्या वीस अक्षरं.
दाभोळच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीशेजारी
डिझेलच्या रिकाम्या पिंपावर मांडलेली:

ओहोटी होडी कुशीवर रिकामी सांज
चिखल पाऊल जाणे येणे नाही
पलीकडे दिवा एक दोन विझणे
भरती येणे कुणाला काय सांगणे

एवढंच.
काळ नाही, वचन नाही, कर्ता नाही.
आमच्या खाडीवर बसून लिहिल्यासारखं,
फक्त खाडी दुसरी, आणि मध्ये शतकं बरीच.

दाऊद सारंग शांघायच्या लाईनवर होते बावीस वर्षं.
त्यांनी दिलेला कोश, पानांना ग्रीसचा वास,
काही नोंदींपुढे पेन्सिलीने: "हा शब्द बंदरात वापरू नये."
त्या कोशाच्या आधारे माझं चिनी,
म्हणजे गुडघाभर पाण्यातलं पोहणं.
त्यापुढे पाय टेकायला
एका पाद्र्याचं इंग्रजी आणि लियोंच्या एका बाईंचं फ्रेंच.

पाद्र्याने पहिल्याच ओळीत "मी" घातला.
त्याला राहवलं नाही. क्रियापद एकटं पाण्यात सोडायचं
म्हणजे त्याच्या भाषेत मूल सोडण्यासारखं.
त्या "मी"च्या पाठोपाठ विरह आला, उसासे आले,
शेवटी देवही आला, जो मुळात खाडीच्या आसपास नव्हता.
लियोंच्या बाईंनी होडी ठेवली, चिखल पुसला.
तिथे आता गालिचा दिसतो. फार सुंदर गालिचा.
एका जर्मन प्राध्यापकांनी कविता केलीच नाही,
वीस अक्षरांखाली ऐंशी पानं तळटीपा.
त्यात चिखल मात्र खरा लागतो, पाय रुततो.

पंथ दोन, असं पुस्तकं सांगतात:
एक म्हणतो वाचकाला उचल, पलीकडे कवीच्या दारात सोड;
दुसरा म्हणतो कवीलाच इकडे आण, आपल्या पाटावर बसव.
चिनी पंडितांचं वेगळंच गाऱ्हाणं:
इमान राखा, पोचवा, वर डौलही सांभाळा.
तरीवरच्या अन्वरला हे सांगून पाहिलं.
तो म्हणाला, "भाडं दोन्ही बाजूंचं सारखंच.
मोटारसायकल असेल तर जास्त."
भाषांतरात अंतर असतं, हे सगळेच सांगतात;
शेवटी एक तर असते, ते अन्वरलाच ठाऊक.

माझी अडचण तिसरीच.
पाद्र्याचा "मी" काढता येतो, देव उतरवता येतो.
पण आपली भाषा क्रियापदाच्या शेपटीला धरून विचारते:
गेला की गेली?
वीस अक्षरांत याचं उत्तर नाही.
सहा महिने ते पाऊल माझ्या वहीत
एक दिवस गडी, एक दिवस बाई,
आणि खोडरबरानं पान विरलेलं.

धक्क्याखाली पाणी ओसरत होतं.
चंद्री पालशेतकर तिसऱ्या वेचता वेचता ओणवी थांबली,
चिखलातल्या खळग्यात बोट घातलं,
पाणी किती भरलंय ते पाहिलं,
आणि कुणालाच उद्देशून नाही, तशी बोलली:
"कोन तरी येवन गेलंय."

गेलंय.

इतकी वर्षं तोंडातच होतं,
मिठासारखं, चव म्हणून वेगळं न कळलेलं.
पाद्र्याकडे नव्हतं, बाईंकडे नव्हतं,
प्राध्यापकांकडे होतं, पण वाटेवरच्या माणसाला लावायचं
त्यांना सुचलं नसावं.
चिखल. पाऊल. कोणी गेलं. आलं नाही.

अन्वरने साखळी सोडली.
"येताय, का ऱ्हाताय?"
या सगळ्यात मी अजून "आलो" म्हटलेलं नाही,
"आले"ही नाही.
तिकीट दोघांनाही तेच.

उरल्या दोन ओळी.
पलीकडे धोपाव्याला दिवा एक,
दोन,
का एकच, आणि दुसरा पाण्यातला?
इथून कळत नाही.