खोटं काडतूस

तळोज्याच्या पुढे, बंद पडलेल्या दगडखाणीत
वर्षातून एकदा आमची चांदमारी असते.
गाडी साडेसहाला सुटते,
कारखान्यांचा वास नाकात, मांडीवर डबा,
आणि प्रत्येकीला आपापली जुनी चूक पाठ.

माझी : खाली आणि डावीकडे.
अकरा वर्षं, खाली आणि डावीकडे.
मी दोष दिला रायफलीला
– माझ्याहून वयानं मोठी, दस्त्यावर
कुणीतरी खिळ्यानं कोरलेला एक ‘र’ –
चष्म्याच्या नंबराला, वाऱ्याला,
रात्रपाळी करून आलेल्या माझ्या पाठीला.

उस्ताद घनवट टारगेटकडे बघतच नाहीत.
शेजारी मातीत कोपरावर आडवे होतात
आणि माझ्या बोटाकडे बघत राहतात,
सोनार मुशीकडे बघतो तसे.
“ही स्वतःच स्वतःला भरते,” म्हणतात,
“म्हणून तुला वाटतं, मागे दुसरी तयारच आहे,
चुकली तर चुकली.
ढोणे, दुसरी नाहीये असं समज.”

मग श्वासाचं : अर्धा सोड, अर्धा राहू दे.
माशी स्पष्ट, टारगेट धूसर. उलटं नको.
चाप ओढायचा नाही, दाबायचा.
लिंबू पिळतो तसा नाही गं,
चिकू पिकलाय का बघतो, तसा.
गोळी सुटल्यावरही बोट तिथंच.
मग सैल कर, आतून टक् ऐकू येईल, तेवढंच,
त्याच्यापुढे केसभरही नाही.

सगळं केलं.
खाली आणि डावीकडे.

तेव्हा त्यांनी माझं मॅगझिन काढून घेतलं,
पाठ वळवून भरलं, परत दिलं.
“पाच आहेत. एक खोटं.
कितवं ते मला माहीत.”

पहिली. खाणीच्या भिंतीवरून आवाज फिरून आला,
खांद्याला ओळखीचा गुद्दा.
दुसरी.
तिसरीला नुसतं
खट्.

काही सुटलं नाही, धूर नाही, धक्का नाही,
तरी नळीचं टोक
झपकन खाली गेलं, डावीकडे,
साहेब आल्यावर मान जाते तसं,
अख्ख्या रांगेसमोर.

कुणी हसलं नाही.
हसलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणजे खांदा माझा
गुद्दा यायच्या आधीच तो खात होता.
डोळा आवाजाच्या आधी मिटत होता.
आणि मला तिथं पालथं पडल्या पडल्या
भलतंच आठवायला लागलं :
ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन
वाजायच्या आधी ताठणारी मान.
घणसोलीच्या घरी, सासरे खोकायच्या आधीच
चुलीकडे… नाही, गॅसकडे निघालेले पाय.
समोरच्यानं तोंड उघडायच्या आत
तोंडातून पडलेलं “हो, चुकलं.”
न आलेल्या किती धक्क्यांपुढे वाकले असेन,
त्यांच्या पुंगळ्या कुणी मोजून घेतल्या नाहीत.

घनवट एवढंच म्हणाले,
“दिसलं ना? चल, चौथी.”

चौथी गेली. डावीकडेच, पण कमी.

पाचवीचं मला सांगता येणार नाही.
माशी होती. अर्धा श्वास होता.
गालाखाली लाकूड कोमट होतं
आणि बोट चिकू चाचपत होतं,
अजून थोडं, अजून थोडं,
आणि आवाज झाला तेव्हा
मीच दचकले,
नंतर. पहिल्यांदाच नंतर.

टारगेट आणलं. काळ्याच्या आत, कडेला,
एक भोक, चिकूच्या बीएवढं.
बाकीची सगळी जुन्याच गल्लीत.
शेजारची हिरकणी म्हणाली, “लागतं कधीकधी.”
असेल.

मग पुंगळ्या मोजल्या. एक कमी भरली.
उन्हात आम्ही सगळ्या ओणव्या, गवतात हात घालत,
हिशेब जुळल्याशिवाय गाडी हलत नाही.
“शेवटची कुणाची? कुठं उडाली?”
माझी होती. मी बघितलंच नव्हतं.

सापडली अर्ध्या तासानं,
उस्तादांच्या कोपरानं मातीत झालेल्या खळग्यात,
गार पडलेली.