गुरुवार, साडेतीन

नोटीस बोर्डावर कागद लावला :
'अर्थ मंडळ. खोली नऊ.'
खाली कुणीतरी पेनाने लिहिलं, कसला अर्थ?
आम्ही ते खोडलं नाही.

सहाजण आले.
त्यात ओंकार शिवलकर चुकून,
एनएसएसची सभा समजून,
पण चहा येतोय म्हटल्यावर बसला.

मी फळ्यावर चक्रवाढीचं सूत्र मांडलं.
खाऱ्या हवेत सादळलेला खडू,
वरचा घातांक काही उमटेना.
तेव्हा रुखसार होडेकर म्हणाली,
"अम्मी मिरकरवाड्यात पहाटे पाच हजार उचलते,
लिलाव, विक्री,
दुपारी पाच हजार शंभर परत.
वर्षाचं किती?
बंदीचे दोन महिने सोडून."

सहाशे टक्क्यांच्या वर.
तेही साधं व्याज.

पंखा फिरत होता.
शेअर बाजारावरची माझी बावीस पानं
पिशवीतच राहिली.

मग वर्गणी ठरली, माणशी वीस.
ओंकारकडे सुटे नव्हते,
जमलेल्यातलेच वीस त्याच्या नावावर लिहिले :
मंडळाचं पहिलं कर्ज.
रुखसारने पट्टी घेऊन
व्याजाचा रकाना आखला
आणि पेन हातात धरून
बराच वेळ
काहीच लिहिलं नाही.